लहान काडतुसाचे पिस्तूल : निवड आणि शिस्त



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहून पिस्तुलाविषयी बोलावे, हे काही जणांना चमत्कारिक वाटेल. आमच्या हाती शोभते ते मागणीपत्रक, फार तर झेंडा. पण विषय वरवर दिसतो तितका परका नाही. पिस्तूल हे शेवटी एक यंत्र आहे. त्याला स्प्रिंगा असतात, त्याचा आवाज होतो, त्यातून शिसे उडते, आणि निष्काळजीपणा झाला तर त्याच्यापायी माणूस जायबंदी होतो किंवा मरतो. यंत्र, आवाज, शिसे आणि अपघात या चार गोष्टींवर भांडण्यात ज्याची उमर गेली, त्याला या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार आहे असे मी समजतो.

दुसरेही एक कारण आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. तो तेव्हा मध्य रेल्वेचा नोकर, तिकीट तपासनीस होता. त्याआधी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्याच राही सरनोबत हिने २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. एकाची रायफल, दुसरीचे पिस्तूल. पण दोघांच्या नळीत जाणारे काडतूस एकच होते :.२२ चे, म्हणजे बोलीत 'पॉइंट टू टू'. अशी पदके आली की मुलेमुली विचारू लागतात, आणि आईबाप बावचळतात. या खेळात पहिले हत्यार कोणते हाती घ्यावे, क्लबाने सरावासाठी कोणते घ्यावे, लहान आकाराचे पिस्तूल चांगले की मोठे, या प्रश्नांची उत्तरे जाहिरातीतून मिळत नाहीत. ती यंत्राच्या रचनेतून मिळतात. म्हणून आधी रचना पाहू.

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी नळकांडे, त्यात दारू, तोंडाशी बसवलेली गोळी, आणि दारू पेटवणारे स्फोटक. मोठ्या काडतुसात हे स्फोटक बुडाच्या मध्यभागी एका वेगळ्या टोपीत बसवतात. घोड्याची टाचणी त्या टोपीवर आपटते. याला सेंटरफायर म्हणतात. लहान काडतुसात वेगळी टोपी नसतेच. नळकांड्याच्या बुडाला बाहेर आलेला एक पोकळ काठ असतो, आणि ओले स्फोटक गरगर फिरवून त्या काठाच्या आत पसरलेले असते. टाचणी काठावर आपटते, काठ चेचला जातो, ठिणगी पडते. म्हणून हे रिमफायर, म्हणजे काठावर पेटणारे काडतूस.

या युक्तीचा उगम फ्रान्समध्ये झाला. पॅरिसच्या फ्लोबेर नावाच्या कारागिराने १८४५ च्या सुमारास घरात नेमबाजी करण्यासाठी असे बारके काडतूस काढले. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि वेसन या कंपनीने त्याला रिव्हॉल्व्हरमध्ये आणले, आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीच्या हातून आजचे '.२२ लाँग रायफल' काडतूस तयार झाले. नावात रायफल असली तरी पिस्तुलातही तेच चालते. जवळजवळ एकशेचाळीस वर्षे हे काडतूस टिकून आहे, कारण ते बनवायला सोपे आणि म्हणून स्वस्त आहे.

पण या रचनेतच तीन मर्यादाही दडलेल्या आहेत, आणि पिस्तूल निवडताना त्यांचा हिशेब ठेवावा लागतो. पहिली मर्यादा अशी की, काठ चेचला जावा म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो. पातळ पत्रा जास्त दाब सोसत नाही. म्हणून रिमफायरची ताकद कधी फार वाढवता येत नाही. दुसरी अशी की, स्फोटक काठात सगळीकडे सारखे पसरेलच असे नाही. जिथे ते कमी पडले नेमके तिथे टाचणी आपटली, तर बार उडत नाही. चांगल्या सेंटरफायर काडतुसाच्या मानाने यात फुसका बार जास्त निघतो. तिसरी अशी की, काठ बाहेर आलेला असल्यामुळे मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक भरताना वरच्याचा काठ खालच्याच्या काठामागे अडकू शकतो, आणि मग पिस्तूल अडते.

आता गुण पाहा. या गोळीचे नेहमीचे वजन ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. आखूड नळीतून ती सेकंदाला २८० ते ३२० मीटरच्या वेगाने निघते. म्हणजे तिची ऊर्जा साधारण १०० ते १३० जूल भरते. पोलिसांच्या आणि सैन्याच्या नेहमीच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास जाते. तिची ऊर्जा साडेचारशे जुलांच्या घरात. म्हणजे चौपट फरक. मागे हाताला बसणारा धक्काही लहान काडतुसात पुष्कळ कमी.

हा धक्का कमी असणे म्हणजे नुसता आराम नाही. शिकणाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दचकणे. बार होणार, धक्का बसणार, हे मनाला कळलेले असते, म्हणून चाप ओढण्याच्या ऐन क्षणी मनगट आपसूक खाली दबते, डोळा मिटतो, आणि गोळी खाली डावीकडे जाते. (डाव्या हाताने मारणाऱ्याची उजवीकडे.) हे शरीराचे संरक्षण आहे, त्याला इच्छाशक्तीने आवर घालता येत नाही. मोठ्या हत्याराने सुरुवात केलेला माणूस पहिल्या पन्नास बारांत दचकायला शिकतो आणि पुढची पाच वर्षे ते विसरण्यात घालवतो. हातोडा धरायला शिकणाऱ्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी घण देऊ नये, हे कोणताही जुना लोहार सांगेल. .२२ चे पिस्तूल हा तो लहान हातोडा आहे. शिवाय काडतूस स्वस्त असल्यामुळे त्याच खर्चात कितीतरी अधिक बार मारता येतात. आणि कसब शेवटी आवृत्तीनेच येते.

एवढे कळल्यावर आकाराच्या प्रश्नाकडे येऊ. बाजारात .२२ पिस्तुलांच्या ढोबळ दोन जाती आहेत.

पहिली जात म्हणजे निशाणीची पिस्तुले. नळी लांब व वजनदार, पिस्तूल साधारण किलोभराचे. १९४९ मध्ये अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी लहानशा जागेत अशा एका पिस्तुलापासूनच आपली कंपनी उभी केली. त्याची तेव्हाची किंमत साडेसदतीस डॉलर होती. त्याच घराण्यातले मार्क फोर हे पिस्तूल २०१६ मध्ये आले. ब्राउनिंगचे बक मार्क हे १९८५ पासूनचे पिस्तूलही याच जातीचे.

दुसरी जात म्हणजे आटोपशीर पिस्तुले. ही दिसायला कमरेच्या नेहमीच्या पिस्तुलासारखी असतात. वॉल्थर कंपनीचे पी-२२, २०१२ मध्ये आलेले रुगरचे एसआर-२२, २०१५ चे स्मिथ आणि वेसनचे एम अँड पी-२२ कॉम्पॅक्ट, २०२० चे ग्लॉक-४४, ही त्यांतली प्रसिद्ध नावे. नळी साडेतीन-चार इंचांची, रिकाम्या पिस्तुलाचे वजन चारशे ते पाचशे ग्रॅमच्या आसपास, मॅगझिनमध्ये बहुधा दहा काडतुसे.

आटोपशीरपणाची किंमत काय पडते, ते एका साध्या गणिताने कळते. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला माशी असते, मागे खाच असते. या दोहोंमधले अंतर जितके कमी, तितकी नेमातली चूक मोठी होऊन दिसते. समजा, माशी खाचेच्या मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकली. लहान पिस्तुलात माशी आणि खाच यांत १४० मिलिमीटर अंतर आहे असे धरा. मग २५ मीटरवर गोळी सुमारे ९ सेंटिमीटर बाजूला जाईल. हेच अंतर २२० मिलिमीटर असेल, तर तीच चूक पावणेसहा सेंटिमीटरांवर थांबेल. अचूक नेमबाजीच्या २५ मीटर फलकावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५ सेंटिमीटर व्यासाचे असते, हे ध्यानात घ्या, म्हणजे या तीन-सव्वातीन सेंटिमीटरांचे मोल कळेल. आंतरराष्ट्रीय नियमांत माशी-खाचेतले अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर, नळी १५३ मिलिमीटर आणि वजन १,४०० ग्रॅम अशा मर्यादा घातल्या आहेत, त्या यासाठीच. वजनाचेही तसेच. हलके पिस्तूल उचलायला सोपे, पण थरथरायलाही सोपे. चाप ओढताना बोटाचा जो आडवा दाब पडतो, तो जड पिस्तूल गिळून टाकते, हलके पिस्तूल त्यासरशी वळते.

मग आटोपशीर पिस्तूल घ्यावेच कशाला? त्याची दोन खरी कारणे आहेत. एक म्हणजे हात. लहान चणीच्या माणसाला, बारीक मनगटाच्या मुलीला किलोभराचे पिस्तूल हात लांब करून दहा मिनिटे धरवत नाही. दमलेला हात चुकीच्या सवयी शिकतो. दुसरे म्हणजे, ज्यांना पुढे कामासाठी मोठे पिस्तूल वापरायचे आहे, म्हणजे पोलीस किंवा पहारेकरी, त्यांना त्याच घडणीच्या लहान काडतुसाच्या पिस्तुलावर स्वस्तात सराव करता येतो. ग्लॉक-४४ चा आकार त्याच कंपनीच्या ९ मिलिमीटरच्या ग्लॉक-१९ एवढाच ठेवला आहे, तो या हेतूने. ज्याला स्पर्धेत उतरायचे आहे त्याने मात्र सुरुवातीच्या काळानंतर निशाणीच्या पिस्तुलाकडेच वळले पाहिजे. म्हणजे 'कोणते चांगले?' या प्रश्नाआधी 'कशासाठी?' हा प्रश्न सोडवावा लागतो.

निवड करताना मी सांगतो त्या क्रमाने पाहावे.

सर्वांत आधी हात. पिस्तूल पूर्ण रिकामे असल्याची स्वतः खात्री करून ते मुठीत धरावे. नळी, मनगट आणि कोपर एका रेषेत आले पाहिजेत, आणि त्या स्थितीत तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज टेकले पाहिजे. बोट ताणावे लागत असेल किंवा चापाच्या पलीकडे जात असेल, तर ते पिस्तूल कितीही नामांकित असो, आपल्या हाताचे नाही. करंगळीला मुठीवर जागा मिळते की ती हवेत लोंबते, हेही पाहावे. काही पिस्तुलांच्या मुठीच्या पाठीवर निरनिराळ्या जाडीची आवरणे बसवता येतात. एकच पिस्तूल अनेक मुले वापरणार असतील तर हा मोठा गुण. डावखुऱ्याची आठवणही ठेवावी. हंगेरीचा कारोली ताकाच हा सैनिक. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने पहिल्यापासून सराव केला आणि १९४८ मध्ये लंडनला व १९५२ मध्ये हेलसिंकीला जलद नेमबाजीची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. हात कोणता यावर नेम ठरत नाही. पण सेफ्टीचा खटका आणि मॅगझिन सोडण्याची कळ दोन्ही बाजूंनी चालत असेल, तर डावखुऱ्याला जाच होत नाही.

दुसरा चाप. बहुतेकांचे लक्ष नळीकडे जाते, पण नेम बिघडतो चापापाशी. काही आटोपशीर पिस्तुलांत, उदाहरणार्थ पी-२२ आणि एसआर-२२ यांत, घोडा खाली असताना पहिला चाप लांब व जड लागतो, कारण तोच घोडा उचलतो आणि तोच सोडतो. पुढचे बार मात्र हलक्या चापावर निघतात. पहिल्या आणि दुसऱ्या बारातला हा फरक नवशिक्याला गोंधळात टाकतो. अशा पिस्तुलावर शिकवताना सुरुवातीला घोडा अंगठ्याने मागे ओढून प्रत्येक बार हलक्या चापावरच मारू द्यावा. चाप करकरत नसावा, आणि कोठे सुटणार ते प्रत्येक वेळी सारखेच कळावे. अतिशय हलका चापही नवशिक्याला नको. स्पर्धेच्या २५ मीटर पिस्तुलालासुद्धा चाप किमान एक किलोचा हवा, असा नियम आहे.

तिसरी गोष्ट नेमाची. मागची खाच वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवता यावी. काडतूस बदलले की गोळी लागण्याची जागा बदलते. खाच सरकत नसेल तर शिकणारा वाकडा नेम धरायला शिकतो.

चौथी गोष्ट भरवशाची, आणि आटोपशीर पिस्तुलांची खरी परीक्षा इथेच होते. या पिस्तुलांत नळी जागेवर पक्की असते, आणि बार झाल्यावर रिकामे नळकांडेच मागची स्लाइड मागे ढकलते. स्लाइडला रोखते ते फक्त तिचे वजन आणि स्प्रिंग. लहान काडतुसात जोर थोडा, म्हणून स्लाइड हलकी करावी लागते. ती कोठे ॲल्युमिनियमची, कोठे जस्ताच्या मिश्रधातूची, तर ग्लॉक-४४ मध्ये पोलाद आणि प्लॅस्टिक यांची मिळून केलेली असते. इतक्या नाजूक तोलावर चालणारे यंत्र काडतुसाच्या बाबतीत चोखंदळ असते. मंद काडतूस घातले की स्लाइड पुरती मागे जात नाही आणि रिकामे नळकांडे मध्येच अडकते. म्हणून विकत घेण्याआधी, जे काडतूस आपल्याला नेहमी मिळणार आहे त्याचे दोन-तीनशे बार तशाच पिस्तुलातून उडवून पाहावेत. परदेशी मासिकात कोणत्या काडतुसाची स्तुती आहे याला आपल्याकडे अर्थ नाही. आपल्या कपाटात कोणते येणार आहे, तेच खरे.

पाचवी गोष्ट सफाईची. रिमफायरची शिशाची गोळी बहुधा उघडी असते, तिच्यावर मेण किंवा तेलकट लेप असतो, आणि दारूची काजळीही पुष्कळ धरते. सोडायला-जोडायला किचकट असलेले पिस्तूल साफ होत नाही. हे कारखान्यातल्या यंत्रावरून सर्वांना ठाऊक आहे. रुगरच्या जुन्या पिस्तुलांची या बाबतीत फार कटकट होती. मार्क फोर मध्ये मागे एक कळ दाबली की ते उघडते, म्हणूनच ते लोकांना आवडले. आणखी एक. रिकाम्या नळीवर चाप ओढण्याचा सराव फार उपयोगी, पण रिमफायरच्या काही पिस्तुलांत टाचणी नळीच्या कडेवर आपटून ती कड चेपते. पिस्तुलाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच तो सराव करावा. नसेल तर सरावाचे प्लॅस्टिकचे काडतूस घालून करावा.

सहावी गोष्ट सेफ्टीची. तिच्याविषयी एकच सांगतो. याच मार्क फोर पिस्तुलाबाबत कंपनीने २०१७ च्या जूनमध्ये जाहीर केले की, सेफ्टीचा खटका 'बंद' आणि 'चालू' यांच्या मध्ये राहिला असता चाप ओढला, तर नंतर खटका हलवताना बार उडू शकतो. १ जून २०१७ पूर्वी तयार झालेली या जातीची पिस्तुले कंपनीने दुरुस्तीसाठी परत मागवली. दोष कबूल करून माल परत घेणे ही चांगली रीत आहे, आणि आपल्याकडच्या कारखानदारांनी ती उचलावी. पण शिकण्याचा धडा निराळा आहे. सेफ्टी हे यंत्र आहे, आणि यंत्र बिघडते. म्हणून प्रत्येक पिस्तूल भरलेलेच आहे असे समजावे. ज्याचा नाश करायचा नाही त्याकडे नळी कधी वळवू नये. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. आणि नेमामागे काय आहे ते आधी पाहावे. या चार सवयी असल्या तर सेफ्टी बिघडूनही माणूस मरत नाही. त्या नसल्या तर उत्तम सेफ्टीही वाचवत नाही.

आता सरावाच्या जागेविषयी. इथे माझ्यातला संघटनेचा माणूस गप्प बसणार नाही.

'लहान काडतूस, त्याला कसला आवाज!' असे म्हणून कानाला काही न लावता मारणारे लोक असतात. .२२ च्या पिस्तुलाचा आवाजही मारणाऱ्याच्या कानाशी १४० डेसिबलच्या वर जातो. असा आवाज क्षणभराचा असला तरी कानाच्या आतल्या नाजूक पेशी मारतो, आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. मागखात्यात चाळीस वर्षे काढून बहिरे झालेले विणकर आपण पाहिलेले आहेत; त्यांना पर्याय नव्हता. नेमबाजाला पर्याय आहे. कानाला झाकणी आणि डोळ्याला चष्मा, मारणाऱ्यालाच नव्हे तर शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला.

शिशाचे तसेच. गोळीचे शिसे घासून उडते आणि पेटवणाऱ्या स्फोटकातही बहुधा शिशाचे संयुग असते. बंद जागेत हवा खेळती नसेल तर ती धूळ श्वासातून जाते. हात न धुता खाल्ले तर तोंडातून जाते. १९४८ च्या कारखाना कायद्याने शिशाची विषबाधा सरकारला कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत घातली होती, ती उगीच नव्हे. मुलांच्या मेंदूला आणि गर्भवतीच्या पोटातल्या जिवाला शिसे विशेष घातक असते. म्हणून सरावाच्या जागी खाणे-पिणे नको. नंतर साबणाने हात-तोंड धुवावे. त्या कपड्यांनिशी घरात लेकरू उचलू नये. आणि जमीन कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. हा शेवटचा नियम जिथे पाळला जात नाही तिथे सर्वांत जास्त शिसे जाते ते झाडणाऱ्या कामगाराच्या छातीत. त्याचे नाव कोणत्याही पदकावर नसते.

फुसक्या बाराविषयीही नियम आहे. चाप ओढला आणि काहीच झाले नाही, तर नळी फलकाकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबावे. दारू कधी कधी उशिरा पेटते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबून, पिस्तूल रिकामे करून नळी तपासावी. गोळी आत अडकलेली असेल आणि मागून दुसरी मारली, तर नळी फाटते.

दचकणे मोडण्याची युक्ती सोपी आहे. सोबत्याने मॅगझिन भरताना मध्येच एखादे सरावाचे निकामी काडतूस घालावे. ते कोठे आहे हे मारणाऱ्याला ठाऊक नसावे. त्या काडतुसावर चाप ओढला की पिस्तुलाचे तोंड खाली डुचकळते का ते दिसते. पुराव्यापुढे वाद राहत नाही. सुरुवातीला दहा मीटरच पुरेत. पाच बार मारावेत आणि ते मध्यावर लागले की नाही यापेक्षा एकमेकांजवळ लागले की नाही ते पाहावे. जवळजवळ लागले तर हात स्थिर झाला. मग खाच सरकवून मध्यावर आणणे हे मिनिटाचे काम.

आता शेवटचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा. लहान काडतूस म्हणजे खेळणे, हा समज प्राणघातक आहे. या काडतुसांच्या पेट्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली आढळते. १९६८ च्या जूनमध्ये अमेरिकेचे सिनेटर रॉबर्ट केनेडी यांचा बळी गेला तो .२२ च्या रिव्हॉल्व्हरने. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांना जखमी करणारे हत्यारही.२२ चेच होते. ब्रिटनमध्ये १९९६ च्या मार्चमध्ये डनब्लेन गावच्या शाळेत एका माणसाने सोळा बालके आणि एक शिक्षिका यांना पिस्तुलांनी ठार मारले. त्यानंतर १९९७ मध्ये तिथे कायदा झाला. पहिल्या कायद्याने .२२ ची पिस्तुले वगळली होती. त्याच वर्षी दुसरा कायदा होऊन तीही बंद झाली. मग २००२ च्या मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पिस्तुलाची नेमबाजी घेण्यासाठी सरकारला खास सवलत काढावी लागली. तिथल्या नेमबाजांचे नुकसान झाले हे खरे. पण सोळा बालकांच्या आईबापांपुढे उभे राहून त्या नुकसानीची तक्रार करणे मला तरी जमणार नाही. हत्याराची मोकळीक किती असावी हे प्रत्येक समाज आपल्या दुःखातून ठरवतो.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. परवान्याशिवाय असे पिस्तूल बाळगणे हा गुन्हा आहे, आणि एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. त्याहून लहान मुलांना ठरवून दिलेल्या अटींवर, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची हत्यारे तीनवरून दोनवर आणली. हे सर्व मला योग्य वाटते. कित्येक घरांतून पिस्तूल नसणे हीच खरी सेफ्टी होय.

मग गरिबाच्या पोराने शिकावे कोठे? इथे तंट्याचा मुद्दा आहे, आणि तो मी लपवत नाही. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष पुढे लोकसभेचे सभापती झालेले दादासाहेब मावळंकर हे होते. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवोदितांसाठी पहिली मोठी पायरी आहे. एका गांधीवादी माणसाने नेमबाजीची संस्था उभी करावी, यात मला विसंगती दिसत नाही. हत्यार शिस्तीखाली आणणे हेही अहिंसेच्याच वाटेवरचे काम आहे. पण परदेशी पिस्तूल, आयातीचे काडतूस, सदस्यत्वाची वर्गणी, प्रवास हे सारे मिळून हा खेळ पैसेवाल्यांच्या अंगणात राहतो. बालेवाडीच्या क्रीडानगरीत उत्तम जागा आहे. तिथवर पिंपरीचा किंवा इचलकरंजीचा मुलगा पोहोचतो का, हा प्रश्न आहे.

याला माझ्या मते व्यवहारी उत्तर सामाईक हत्याराचे आहे. प्रत्येकाने पिस्तूल घेण्याची गरज नाही, आणि ते इष्टही नाही. सुरुवात हवेच्या पिस्तुलाने व्हावी. दहा मीटरवर, स्वस्तात आणि जवळजवळ आवाजाशिवाय पाया पक्का होतो. ज्यांचा हात बसला त्यांच्यासाठी मान्यताप्राप्त क्लबाने दोन आटोपशीर .२२ पिस्तुले आणि एक निशाणीचे पिस्तूल ठेवावे, कपाटाची किल्ली दोघांकडे असावी, प्रत्येक काडतुसाची नोंद वहीत व्हावी, आणि वर्गणी अशी असावी की गिरणीत, गोदीत किंवा रेल्वेत काम करणाऱ्याला ती महिन्याच्या पगारातून देता यावी. क्रीडा खात्याकडे आणि मोठ्या कारखान्यांच्या कल्याण निधीकडे ही मागणी आपण एकत्र येऊन केली पाहिजे. निवड कशी करावी ते मी सांगितले : आधी काम, मग हात, मग चाप, खाच, भरवसा, सफाई, आणि सर्वांत वर शिस्त. ज्या समितीकडे खरेदीचे काम येईल तिने हा क्रम कागदावर लिहून समोर ठेवावा, आणि खरेदीच्या दिवशी पिस्तुलाबरोबरच कानाच्या झाकण्यांची, चष्म्यांची आणि ओल्या फडक्यांचीही पावती फाडावी.